तीन रात्रींचा नियम मला पुन्हा लागू व्हावा

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुके कल्याण, जिल्हे ठाणे,
यांचे हुजुरास

अर्जदार: मोरेश्वर रघुनाथ टिपणीस, पेनशनर कारकून, मोजणी खाते, सध्या मुक्काम सरकारी पडाव, मौजे वडखारी, तालुके मजकूर.

विषय: अर्जदारास एकाच जागी राहण्याची दिलेली सवलत रद्द करून त्यास दर चवथ्या दिवशी पडावाबाहेर काढण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा अर्ज, ता. २८ माहे जानेवारी सन १८८९.
२) हुजुरांचा हुकूम नंबर २१४, ता. ७ माहे फेब्रुवारी सन मजकूर.

मेहेरबान साहेब,

विज्ञापना ऐसी जे, वरील दुसऱ्या संदर्भातील हुकमाने हुजुरांनी अर्जदारावर मोठी मेहेरबानी केली. ती मेहेरबानी परत घ्यावी, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. अर्जदाराचे डोके ठिकाणावर आहे. हकीकत कलमवार लिहितो.

कलम १. अर्जदाराने मोजणी खात्यात एकतीस वर्षे चाकरी केली. पावसाळे कचेरीत गेले आणि बाकीचे सारे दिवस राहुटीत. कुटुंब वारून एकवीस वर्षे झाली, मूलबाळ नाही. पेनशन झाल्यावर ठाण्यास पुतण्याच्या घरी राहून पाहिले. पुतण्या सालस आहे, सूनबाईही वाईट नाही. पण मी ओसरीवर बसलो की सारे माजघरात बोलत, आणि मी माजघरात गेलो की सारे ओसरीवर येत. शिवाय इतकी वर्षे कापडाखाली निजल्यावर कौलांखाली झोप येईना. म्हणून कल्याणच्या सहदेव सुताराकडून एक चारचाकी गाडी बांधून घेतली. सागवानी फळ्यांच्या भिंती, दोन झडपा, भिंतीला मिटवून ठेवता येते अशी निजावयाची फळी, एक फडताळ आणि मागल्या अंगास चुलीपुरता पत्रा. लोक तिला चाकांचे घर म्हणतात. ज्या ज्या पडावावर चाकरीत राहुट्या ठोकल्या, तेथे तेथे हे घर नेऊन निवांत राहावे, घाई नको आणि वर साहेब नको, एवढाच हेतू होता.

कलम २. वडखारीचा पडाव हुजुरांच्या फिरतीत आला नसेल. ठाण्याहून कल्याणास खाडीकाठाने जाणाऱ्या जुन्या गाडीरस्त्यावर ही लहानशी जागा आहे. तीन चिंचा, एक विहीर, हद्दीचे चार दगड आणि एक लाकडी पाटी. आगगाडी झाल्यापासून या रस्त्याला कोणी विचारीत नाही. मी ता. ४ डिसेंबर रोजी आलो. तेव्हापासून आजपावेतो मुक्कामास एक कासार, एक बैरागी आणि वाट चुकलेला एक पारशी शिकारी इतकेच आले. त्यांपैकी बैराग्याचे मौन होते.

कलम ३. पाटीवर नियम लिहिला आहे तो असा: 'खासगी मुसाफिराने तीन रात्रींपेक्षा अधिक मुक्काम करू नये. चवथ्या दिवशी सकाळी गाडी हद्दीबाहेर काढावी.' मी आल्यावर तिसऱ्याच दिवशी जोडीपैकी एक बैल मेला. एकट्या बैलाने हे घर ओढणे शक्य नाही, म्हणून दुसरा बैल पडावालगतच्या खाचराचा मालक भिवा यास कामाला देऊन टाकला. चवथ्या दिवशी सकाळी दामाजी आला. हा येथील पोलीस पाटील. काम नवीनच मिळाल्यामुळे पाटीवरील अक्षर न् अक्षर पाळतो. मात्र वाचता येत नसल्याने नियम कोणीतरी वाचून दाखवावा लागतो. तो मीच वाचून दाखविला. ऐकून त्याने बराच वेळ मान हलविली आणि गावात जाऊन सातआठ माणसे घेऊन आला.

कलम ४. त्या मंडळींनी माझे घर हाताने ढकलून उत्तरेकडील दगडापलीकडे वीस पावले नेले. मग सगळी बांधावर बसली, तंबाखू मळली. दामाजीने विचारले, आता पुढे काय लिहिले आहे? मी पुन्हा पाटी वाचली. गाडी बाहेर काढावी असे होते. परत आणू नये असे कोठेच नव्हते. किती वेळ बाहेर ठेवावी हेही नव्हते. एकतीस वर्षे सरकारी लिखाण वाचण्यात गेल्यामुळे ही उणीव माझ्या चटकन ध्यानात आली, व ती मी प्रामाणिकपणे सांगितली. सगळी इतकी हसली की भिवाला ठसका लागला. मग त्यांनी घर पुन्हा ढकलून चिंचेखाली आणून लावले आणि मिठागरावर कामाला गेली. त्या दिवसापासून ता. ८ फेब्रुवारीपर्यंत दर चवथ्या सकाळी असे बावीस वेळा घडले. नियमाचा भंग एकदाही झाला नाही.

कलम ५. आता सवलत रद्द करण्याची कारणे. अ) गाडी एकाच जागी राहिल्याने तिच्याखालचे सरकारी गवत पिवळे पडले आहे. आ) चारही चाके जमिनीत चार चार बोटे रुतली आहेत, पावसाळ्यापर्यंत ती आसापर्यंत जातील आणि सरकारी जागेवर कायमचे बांधकाम झाल्यासारखे दिसेल. इ) एकास सवलत दिली की दुसराही मागतो. दुसरा कोण, हे सांगता येत नाही, कारण येथे कोणी येत नाही. पण तत्त्व म्हणून लिहिले.

कलम ६. वरील तिन्ही कारणे खरी आहेत. हुजुरांनी हवे तर शिपाई पाठवून गवत पाहावे. परंतु तेवढ्यासाठी अर्जदाराने दौत काढली नसती, हेही खरे. खरे कारण लिहिण्याची सवय नसल्याने ते मागे राहिले. ते पुढे लिहितो.

कलम ७. उत्तरेकडील दगडापलीकडची ती वीस पावले म्हणजे भिवाचे खाचर. दगडाच्या अलीकडे मी सरकारी जागेवरील मुसाफिर. पलीकडे गेलो की भिवाच्या शेतात आलेला माणूस. घर तेथे अर्धा तास उभे राही. त्या अर्ध्या तासात कोणाची म्हैस व्याली, कोणत्या मिठागराची बांधोळी फुटली, कोणाच्या मुलीला कोठून मागणी आली, हे सारे मला कळे. काळुराम म्हणून एक दांडगा गडी आहे, तो चाकाशी लागे. त्याची आई तुळसा. ती ढकलीत नसे, मागे उभी राहून सगळ्यांना हुकूम देई, आणि त्यात मलाही सोडीत नसे. एकदा चढावर गाडी अडली तेव्हा ती माझ्यावर ओरडली, "म्हाताऱ्या, घरान दगर भरलंस कं रं?" मोजणी खात्यात कमिशनरसाहेबांची बोलणी मी खाल्ली आहेत, पण मला म्हाताऱ्या असे त्यापूर्वी कोणी म्हटले नव्हते. मला ते फार आवडले.

कलम ८. घरात दगड भरलेस का, या तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, गाडीत माझ्या कागदांच्या दोन पेट्या होत्या. परंतु येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. पुढे एका खेपेस भिवा परगावी गेला, दोघेजण आजारी पडले आणि चारपाच माणसांवरच भागले. घर हलके आहे असे सर्वांच्या ध्यानात आले. त्यानंतरच्या खेपेच्या आदल्या सायंकाळी मी विहिरीजवळचे अकरा दगड आत आणून फळीखाली ठेवले, की माणसे कमी पडू नयेत. सरकारी पडावावरील दगड परवानगीवाचून हलविल्याबद्दल जी शिक्षा असेल ती सांगावी. दगड परत जागच्या जागी ठेवले आहेत.

कलम ९. जानेवारीच्या मध्याला एके दिवशी बांधावर तांदळाची भाकरी आणि सुकट खाता खाता तुळसाने मला विचारले, बायकोचे नाव काय होते? कुटुंब वारल्याला एकवीस वर्षे झाली, तेवढ्या काळात हे मला कोणी विचारले नव्हते. पेनशनच्या कागदावर रकाना असतो, पण तो रकाना विचारतो, माणूस विचारीत नाही. सरस्वती, असे सांगितले. पुढल्या खेपेस घर ढकलताना तिने मागून आरोळी दिली, "चल गं सरसोती!" आणि सगळ्यांनी एकदम जोर केला. मी पुढे धुरेपाशी होतो म्हणून माझे तोंड कोणास दिसले नाही. तेव्हापासून तीच आरोळी चालू झाली.

कलम १०. असे असता अर्जदाराने ता. २८ जानेवारीचा अर्ज का केला, असा सवाल हुजुरांनी अवश्य करावा. मी स्वतःस तो रोज करतो. झाले असे की आदल्या सकाळी काळुराम चाकाशी बसून घाम पुशीत म्हणाला, "यो घर मिठागरावं नेऊन ठेवू, म्हंजे कामाव जाताना वाटंनच ढकलता येल." मंडळी हसली. मी हसलो नाही. माझ्या मनाने घेतले की ही माणसे कामाची खोटी करून माझ्यापायी राबतात, आणि भिडेस्तव बोलत नाहीत. साहेब, ही माणसे भिडेस्तव काहीही करीत नाहीत, हे मला तेव्हा कळावयास हवे होते. ज्याला नाक मुरडायचे त्याला ती तोंडावर सांगतात, आणि ज्याच्यावर जीव जडतो त्याला शिव्या देतात. पण माझे सारे आयुष्य कागदात गेले. बोललेला शब्द मी लिहिलेल्या शब्दासारखा वाचला. गाडीत जाऊन दार लावले आणि हुजुरांकडे अर्ज लिहिला की, अर्जदार वृद्ध असून त्याजकडे बैल नाहीत, व नियमामुळे ग्रामस्थांस दर चवथ्या दिवशी विनाकारण तसदी होते, सबब सवलत मिळावी.

कलम ११. त्या अर्जातील 'विनाकारण' हा शब्द मला आता वाचवत नाही.

कलम १२. हुजुरांचा हुकूम दयाळू होता. अर्जदारास पुढील हुकूम होईतो एकाच जागी राहू द्यावे, ग्रामस्थांस गाडी हलविण्याची तसदी देऊ नये. ता. ९ फेब्रुवारीस दामाजी तो कागद घेऊन माझ्याकडे आला, मी वाचून दाखविला, त्याने पाठ केला आणि गावात जाऊन सांगितला. मी समाधानाने चूल पेटविली. चवथी सकाळ आली. मी नेहमीप्रमाणे तंबाखूचा डबा काढून ठेवला होता. मिठागरावर जाणारी माणसे पडावावरून गेली. काळुरामाने दुरून हात जोडले. तुळसाने पदर सारखा केला आणि मान खाली घालून गेली. मला वाटले, घाईत असतील. त्यानंतरच्या चवथ्या सकाळीही तसेच झाले. आज अठ्ठावीस दिवस झाले. सगळी वाटेने जातात, सगळी नमस्कार करतात, आणि मला रावसाहेब म्हणतात.

कलम १३. कोणी म्हणेल, माणसे घराशी येत नाहीत तर आपण त्यांच्या घरी जावे. तेही केले. फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेस काळुरामाच्या घरी गेलो. कोरी घोंगडी अंथरली. तांब्यात पाणी, वाटीत गूळ. घरातील सारी भिंतीला लागून उभी राहिली आणि मी एकटा बसलो. मी म्हटले, मीठ काय म्हणते यंदा? काळुराम म्हणाला, बरे आहे. मी म्हटले, तुम्हीही बसा ना. कोणी बसले नाही. मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो आणि उठलो. मला माजघरातून तुळसाचा आवाज आला, पण ती बोलत होती तिच्या सुनेशी.

कलम १४. या प्रकाराचा उलगडा चार दिवसांपूर्वी झाला. या अर्जासोबत दाखला हवा म्हणून दामाजीस बोलाविले होते. तो दारात उभा राहिला, आत येईना. मी फार विचारल्यावर म्हणाला, "सायब, आमाना वाटला तुमीच आमची कागाली केली. सरकारनी लिवलाय ना, लोकांना तरास नको म्हनून. आमी कवा म्हनला तरास होतं?" मी त्यास बसवून पहिल्या अर्जाची नक्कल वाचून दाखविली, की यात तुमच्या विरुद्ध एक अक्षर नाही. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, म्हणजे तुम्हीच लिहिले होते तर.

कलम १५. हुजूर म्हणतील, की सवलत म्हणजे सक्ती नव्हे. अर्जदाराने हवे तर हुकूम बाजूस ठेवावा आणि लोकांकडून घर ढकलून घ्यावे. मी दामाजीस तसे सुचविले. तो म्हणाला, हुकूम नसता घर कशाला ढकलायचे? त्याचे म्हणणे रास्त आहे. ही कष्टाची माणसे आहेत. पहाटे उठून गुडघाभर चिखलात उभी राहतात. काम असले तर शेजाऱ्याच्या अंगणात रात्रंदिवस राबतील. काम नसता कोणाच्या दारात जाऊन बसणे हे त्यांच्यात आळशाचे लक्षण मानतात. माझ्या दारात येण्याला त्यांना काम हवे होते, आणि ते काम सरकारचा नियम होता. तो मी माझ्या हाताने मोडून घेतला.

कलम १६. सबब अर्ज की, हुकूम नंबर २१४ रद्द करून तीन रात्रींचा नियम अर्जदारास पूर्ववत लागू करावा. नवा हुकूम शक्य तो कठोर शब्दांत असावा, ही विशेष विनंती. मायेचा हुकूम ऐकून लोक दुरावले. दटावणीचा ऐकला तर त्यांना माझी कीव येईल आणि सरकारचा रागही येईल, आणि या दोन्ही गोष्टींनी माणसे चाकाशी लवकर लागतात. अर्जदार हेकट आहे, नियम मानीत नाही, त्यास गावाने हलवावे, असे लिहिले तरी माझी हरकत नाही. शिमगा आठवड्यावर आला आहे. त्याआधी हुकूम आला तर बरे होईल, कारण शिमग्यात ही मंडळी ज्याला आपला मानतात त्याच्याच दारात नाचतात असे भिवाने मागे बांधावर सांगितले होते.

कलम १७. एक गोष्ट लिहावी की न लिहावी, याचा दोन दिवस विचार केला. हुजुरांच्या मनात येईल, की एवढे ताव खर्ची घालण्यापेक्षा या माणसाने वेशीवर जाऊन एक हाक का मारली नाही. चूक झाली, माफ करा, या, असे सांगायला कितीसे शब्द लागतात?

परवा तेच करावे म्हणून सकाळी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. माणसे मिठागराकडे निघाली होती. काळुराम पुढे होता. काय बोलायचे ते मी घोकून ठेवले होते. तो दहा पावलांवर आला आणि मी तोंड उघडले. एकतीस वर्षे मी गावोगाव माणसांना एकाच रीतीने बोलाविले आहे. शेताच्या बांधावर उभे राहून, हातात कागद घेऊन, नाव, बापाचे नाव आणि एक शब्द. तेच तोंडातून निघाले. 'काळुराम वल्द गोमाजी, हजर हो!'

तो हजर झाला. टोपली खाली ठेवून, हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्यामागे सगळी थांबली. तुळसाही थांबली. काळुराम म्हणाला, "काय चुकला आमचा, सायब?"

मी म्हटले, काही नाही, जा.

तो गेला. मला दुसरी हाक येत नाही, साहेब. म्हणून हा अर्ज आहे. हुकूम व्हावा.

आपला नम्र व अद्याप त्याच जागी असलेला,

मोरेश्वर रघुनाथ टिपणीस
(सही दस्तुर खुद्द)
मुक्काम सरकारी पडाव, मौजे वडखारी
शनिवार, ता. ९ माहे मार्च सन १८८९ इसवी

सोबत:
१) हुजुरांचा हुकूम नंबर २१४, असल, परत.
२) अर्जदाराच्या पहिल्या अर्जाची नक्कल. एक शब्द खोडला आहे.
३) पोलीस पाटील दामाजी याचा दाखला, अर्जदाराने लिहिलेला व पाटलाने अंगठा केलेला, की ता. ८ फेब्रुवारीपासून अर्जदाराची गाडी हललेली नाही, व अर्जदार रोज सकाळी दार उघडे ठेवून बसतो हे मी येता जाता पाहिले आहे.